ठिपक्याला ‘येते’ सांगताना

दि. ३ ऑक्टोबर

॥ ज्याच्या कृपेने मुक्या जीवांनाही वाचा फुटते, त्याला प्रथम नमन ॥

चि. नातीस आजोबांचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र पोचले. तू कुत्र्याचे पिल्लू आणलेस, डोळ्यावरच्या काळ्या डागावरून त्याचे नाव ‘ठिपका’ ठेवलेस, हे वाचून तुझी आजी हसली आणि मी चिंतेत पडलो. तू दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासणार, दोन खोल्यांचे बिऱ्हाड कुलूपबंद, आणि आत एकटे हे अजाण लेकरू! आश्रयाला आलेल्या जीवाचे रक्षण हे व्रत आहे, हौस नव्हे.

तेव्हा ऐक. त्याला दोन्ही खोल्यांचे राज्य देऊ नकोस. स्वयंपाकघराचा एक कोपरा फळ्यांनी अडवून दे. विजेच्या तारा, औषधे, सुईदोरा, केराची टोपली, सारे त्याच्या तोंडापासून दूर. गॅलरीचे दार लावलेले. पाण्याचे भांडे जड असावे, म्हणजे कलंडणार नाही. घरातून निघण्यापूर्वी त्याच्या गळ्यातला पट्टा काढ. कुठे अडकला तर सोडवायला कोण आहे? आणि शेवटचे, पण माझ्या दृष्टीने पहिले: घर सोडताना ‘जाते’ हा अभद्र शब्द उच्चारू नकोस. त्याला जवळ घे, कुठे निघालीस ते समजावून सांग, आणि स्पष्ट ‘येते’ म्हण. निरोप घेतल्यावाचून निघणे आपल्या घरात कोणाला ठाऊक नाही.

आजीचे म्हणणे, पिल्लाला संस्कृत शिकवायला निघू नका. ती काहीही म्हणते.

आमच्यावर आहे तो लोभ आता त्यालाही वाटून दे.

तुझे आजोबा

दि. ९ ऑक्टोबर

ती. आजोबांस शि. सा. न. वि. वि.

कोपरा अडवला, तारा उचलल्या, औषधं वर ठेवली. पूर येणार म्हणून सामान वर चढवावं तसं घर दिसतंय. टेबलावरच्या दिव्याची वायर मात्र विसरले होते. ठिपका फळी ढकलून बाहेर आला आणि ती वायर चघळून ठेवली. नशिबानं बटण बंद होतं. आता दिवा कपाटावर आणि फळी पक्की.

निरोपाचं भलतंच झालं. रोज मांडीवर घेते, दुकानाची सगळी हकिगत सांगते, ‘येते हं’ म्हणते. तो शहाण्यासारखा ऐकतो आणि कडी लागताच असा गळा काढतो की सगळा जिना दणाणतो. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई, ज्यांना सगळे काकू म्हणतात, वर आल्या. म्हणाल्या, हा कुत्रा आहे की गिरणीचा भोंगा? महिनाअखेरपर्यंत गप्प झाला तर ठीक, नाहीतर गावाबाहेरच्या माळ्याकडे त्याची रवानगी करायची. रागावून म्हणाल्या नाहीत, म्हणून जास्त भीती वाटते. मला त्याला द्यायचं नाही, आजोबा.

काल तर कहर झाला. फोनवर दुकानाच्या मालकांना ‘उद्या लवकर येते’ म्हटलं, तर हा पलंगाखाली जाऊन रडू लागला! प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज त्याच्यासमोर विरहाचं नाटक करता, ते बंद करा आणि एक शब्द न बोलता निघा. आता मी कोणाचं ऐकू?

लोभ आहेच, सल्ला तेवढा बदलून पाठवा.

तुमची नात

दि. १३ ऑक्टोबर

चि. नातीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

डॉक्टरीणबाईंचा सल्ला वाचून मी प्रथम संतापलो. न बोलता घराबाहेर पडतात ते दोघेच: चोर आणि विरक्त. तू यांपैकी कोणीही नाहीस. असे आजीला ठणकावून सांगितले, तर ती म्हणाली, मग त्या पिल्लाला माळ्याकडे पोचवायला तुम्हीच जा, आणि निघताना त्याला ‘येतो’ म्हणायला विसरू नका.

पोथी मिटून याच एका शब्दाचा विचार करीत बसलो. शब्द आणि अर्थ यांची जन्मगाठ असते असे मी आयुष्यभर शिकवले. आपल्यासाठी ‘येते’ म्हणजे परतण्याचे वचन. ठिपक्याने काही शब्दकोश उघडलेला नाही. त्याच्या अनुभवात ‘येते’ म्हणजे कडीचा आवाज, आणि नंतर संध्याकाळपर्यंत कोणी नाही. त्याची चूक नाही. आपलाच शब्द त्याच्यापाशी खोटा ठरला आहे.

म्हणून शब्द टाकू नकोस, तो खरा कर. सुटीच्या दिवशी ‘येते’ म्हण, दार ओढ, आणि त्याला रडायला अवधी मिळण्याआधीच परत ये. पुन्हा तसेच, पुन्हा तसेच. मग बाहेरचा वेळ हळूहळू वाढव. मांडीवर घेणे, हकिगत सांगणे, परतल्यावर गळ्यात पडणे, हे सारे मात्र बंद. नाटकाविषयी डॉक्टरीणबाईंचे म्हणणे खरे आहे. त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझ्या यशाची वाट पाहत, आहे तसाच लोभ ठेवून,

तुझे आजोबा

दि. २२ ऑक्टोबर

ती. आजोबांस शि. सा. न. वि. वि.

सुट्टी अख्खी जिन्यावर काढली. ‘येते’ म्हणायचं, दाराबाहेर, परत आत. ‘येते’ म्हणायचं, पहिल्या पायरीपर्यंत, परत आत. काकूंनी खालून विचारलं, काही हरवलंय का? मी म्हटलं, नाही, शब्द खरा करतेय. दार लावून घेताना त्या काहीतरी पुटपुटल्या. मला ‘दोघंही तसलेच’ एवढं ऐकू आलं.

आधी ठिपका दर वेळी धावत फळीशी यायचा. मग नुसती मान वर करू लागला. शेवटी तोंड वासून जांभई दिली आणि माझ्याकडे पाठ फिरवली. अपमान इतका गोड कधी लागला नव्हता!

मग पुरता दिवस दुकानात गेले. चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसवली. बिचारे म्हणाले, जग जरा तिरकं दिसतंय. संध्याकाळी जिना चढताना घरात चिडीचूप. आनंद व्हायचा सोडून उरलेल्या पायऱ्या धावत चढले. दार उघडते तर महाराज कोपऱ्यात उताणे, चारी पाय वर, घोरताहेत.

पण दिवसभर गप्प होता की रडून दमला, कोण सांगणार? काकू काही बोलत नाहीत. समोर आल्या की मीच नजर चुकवते. महिना संपत आला. आशीर्वाद जरा जोरात द्या.

तुमची नात

दि. २९ ऑक्टोबर

आदरणीय आजोबांस तुमच्या नातीच्या घरमालकिणीचा सा. न. वि. वि.

ओळख नसताना लिहिते. पत्ता पाकिटांवर पाहिला होता. तुमची नात मला पाहिलं की पळते, म्हणून निकाल तुम्हालाच कळवते.

हल्ली वरून हूं की चूं नाही. पहिल्या दिवशी बरं वाटलं. नंतर मलाच करमेना. भोंगा वाजायचा तेव्हा वर कोणी आहे हे तरी कळायचं. परवा भर दुपारी वर गेले, दाराला कान लावला. आतून सूं सूं हुंगल्याचा आवाज. पोरानं पुन्हा फळी सरकवलेली दिसते. तिला खिळे मारायला सांगा. दाराखालच्या फटीत बोटं घातली, तर त्यानं चाटून ओली केली. तिथे पायरीवर किती वेळ बसले ते विचारू नका.

माळ्याला नको म्हणून सांगितलंय. पण माझी एक अट आहे. तुम्ही तारेपासून शब्दापर्यंत सगळा विचार केलात, हे मागे वर गेले तेव्हा तिनंच सांगितलं होतं. एवढ्याशा जिवाला दुपारी खाली न्यायला हवं, त्याचं काय? दिवसभर त्यानं कळ कशी काढायची? वरची एक किल्ली माझ्याकडे राहील. दुपारी तो माझा. हे तिला तुम्हीच सांगा. मी घरमालकीण, मला विनवणं जमत नाही.

ओळख आता झालीच आहे, ती राहू द्यावी.

सगळ्यांच्या काकू

दि. २ नोव्हेंबर

चि. नातीस आशीर्वाद आणि काकूंस सा. न. वि. वि.

दोघींना एकच पत्र लिहितो. नातीने ते स्वतः खाली नेऊन वाचून दाखवावे, म्हणजे पळायची सोयच राहणार नाही.

काकूंचे पत्र मी आजीला मोठ्याने वाचून दाखवले. ‘दुपारी तो माझा’ येथे तिने मला थांबवले आणि पुन्हा वाचायला लावले. नंतर म्हणाली, एवढी अक्कल तुमच्या ग्रंथांतून कधी निघाली नाही. काकू, दुपारच्या प्रश्नावर मी सपशेल हरलो, आणि इतक्या आनंदाने पूर्वी कधी हरलो नव्हतो. विनवणे जमत नाही असे आपण लिहिता. याहून सुंदर विनवणी माझ्या वाचनात नाही. नाती, फळीला खिळे मार, आणि किल्ली हे पत्र संपताच त्यांच्या हातात ठेव.

ज्यांना सकाळी पाठीमागे दार ओढून घ्यावे लागते, जे दाराआड वाट पाहतात, आणि भर दुपारी जे आपण होऊन जिना चढतात, त्या सर्वांचे, आणि हे पत्र ज्याच्या ज्याच्या हाती पडेल त्या प्रत्येकाचे, कल्याण असो. कोणाचीही दुपार रिकामी न जावो.

सर्वांचे आजोबा