जिना तेवढा राहणार

नंदूदादा,

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, तरी लिहितेय. वादळात तू जहाजावरून पडलास आणि सापडला नाहीस, एवढंच कंपनीने कळवलं. आई अजून तुझ्या फोटोला हार घालू देत नाही. दर गुरुवारी बेडोकच्या आपल्या घरून बसने त्या जुन्या शॉपिंग सेंटरमध्ये जाते आणि गोल जिन्याखाली बसते. जहाजावर जायच्या आधी तू आम्हाला तिथेच भेटायचास ना, म्हणून.

आता ती इमारत पाडायचं ठरलंय. नियमाप्रमाणे आधी लोकांची मतं मागवली : इमारत जुनी आहे, यात जपण्यासारखं काही आहे का? मी सरळ लिहिलं, काहीही नाही, सगळं पाडा. आईला तिथून उठवायचा दुसरा मार्ग मला दिसेना.

निर्णय आला. दुकानं पाडणार, जिना मात्र ऐतिहासिक म्हणून ठेवणार. आईने पेढे आणले! म्हणाली, "बघ, सिंगापूरच्या सरकारलासुद्धा कळतं. नाहीतर पोराने यायचं कुठे?" मी इतकी चिडले की जेवलेच नाही.

काल तिच्याबरोबर गेले. सगळी शटर्स बंद, आत चिटपाखरू नाही. तेवढ्यात वरच्या मजल्यावर बुटांचा आवाज झाला. आई वर न बघताच म्हणाली, "जा, चहा घेऊन ये."

कोपऱ्यावरच्या हॉकर सेंटरमधल्या टपरीवरून मी चहा घेऊन आले, तर ती माझ्या हातांकडे बघतच राहिली.

मी तीन कप आणले होते, दादा. तिसऱ्यात साखर कमी, तुला लागते तशी.

तुझी,
चैत्राली