बुधवारची प्रत

ताई,

सकाळी मोजले तेव्हा घरच्या सर्व्हरवर एकतीस स्नॅपशॉट होते, म्हणजे रोज आपोआप ठेवल्या जाणाऱ्या डिस्कच्या एकतीस प्रती. डिस्क ९७ टक्के भरली होती. "जुने सगळे उडव, नुसती अडगळ," असं तू काल म्हणालीस, म्हणून उडवायला बसले. सव्वीस गेले तरी जागा जेमतेम दोन टक्के सुटली. पुसलेली फाइल एका जरी स्नॅपशॉटमध्ये उरली तरी जागा अडवून ठेवते, म्हणून उरलेले पाच ताडून पाहिले. सत्ताविसावा, जो आता उडवणार होते, तो बुधवारचा. त्यात तुझ्या प्रबंधाचा फोल्डर आहे. गुरुवारपासून पुढे तो कुठेच नाही.

बुधवारी तुझी सरांशी भेट होती. ते काय म्हणाले, हे मी विचारणार नाही. पण सहा वर्षांचं काम आहे, ताई. टाकायचंच असेल तर टाक, फक्त रागाच्या भरात नको. तोवर बुधवारचा स्नॅपशॉट मी राखून ठेवलाय; तो आपोआप पुसला जाणार नाही. जागेची काळजी करू नकोस, माझे प्रयोगांचे व्हिडिओ मी दुसरीकडे हलवलेत.

आईला काही बोलले नाही. "सकाळपासून कसली खुडबुड चाललीय?" असं तिने विचारलंच, तर माझ्यावर ढकल, तिला सवय आहे.

प्रयोगशाळेत जातेय. सातपर्यंत येते. जेवून घे.

– शेंडेफळ

ता. क. फोल्डरमध्ये ६१२ फाइली आहेत. सगळ्या उघडून पाहिल्या. ६१२ उघडल्या.