जास्तीचा शब्द

१४ फेब्रुवारी
लातूर जिल्हा होऊन सहा महिने झाले, तरी खटल्यांच्या निम्म्या मिसली, म्हणजे फायली, अजून उस्मानाबादेत. माणूस इथं, त्याचा खटला रस्त्यात. नांदेडचं वीस वर्षांचं टेबल उचलून मी इथं आलो तो याच हिशेबानं. नवा जिल्हा म्हणजे गोंधळ, अन् गोंधळात वकिलाच्या मुनशीला मरण नाही.
आज मात्र तोंडावर पडलो. औशाकडचं एक गाव. गावविहिरीला शेजारच्या शेतमालकानं कुलूप घातलं, त्याच्याविरुद्ध गावाचा दावा, आमच्याकडं. आमचा साक्षीदार केरबा. तीन दिवस पढवला. 'कुलूप पाहिलं?' 'हाव.' बस्स, पुढं तोंड मिटायचं. पिंजऱ्यात चढला अन् सुटला, "हाव साहेब, पाहिलं की. पहाटं घागर घिऊन गेलतो, दिवसा कुणी यिऊ देत न्हाई म्हून."
समोरचा वकील टपूनच. "म्हणजे पहाटे चोरून पाणी नेता?"
आमचे वकीलसाहेब बाहेर येऊन म्हणाले, "मुनशी, तुमचा गवाह माझ्यापेक्षा जास्त बोलतो."
केरबा खुशीत. "मुनशीजी, समदं खरं सांगून टाकलं बगा!"


२० फेब्रुवारी
प्रज्ञाला विलायतेच्या विद्यापीठाचं पत्र. एलएलएमसाठी अर्ज केला होता पोरीनं, मला टाईप करायला लावला तेव्हा वाटलं हौस आहे. आता मुलाखतीला बोलावून राहिले. हैदराबाद, १२ मार्च. घेतलं तर राहण्याखाण्यासकट सगळं तेच बघणार. पण घेतात मोजके, अन् अर्ज साऱ्या हिंदुस्थानातून.
मी नायगावहून नांदेडला आलो तेव्हा कोर्टात झाडू मारत होतो. झाडता झाडता फेकलेले कागद वाचायला शिकलो. त्याची पोरगी...
प्रज्ञाच्या आईला सांगितलं. सरू म्हणाली, "इतक्या लांब? तिथं काय हाय?"
"पाणी हाय," मी म्हणालो.
"पाण्यासाठी विलायतला कोण जातं? गुरुवारी टँकर येतो की."

२७ फेब्रुवारी
तयारी सुरू. मुलाखत म्हणजे काय, उलटतपासणीच. ती तर माझ्या हातचा मळ. नियम सांगितले: विचारलं तेवढंच सांगायचं. माहीत नसेल तर 'माहीत नाही.' आपण होऊन काही पुरवायचं नाही.
सरूला खुर्चीवर बसवलं, साहेब म्हणून. पदर सावरून तिनं विचारलं, "काय गं बाई, स्वैपाक येतो का?"
"येतो."
मी टाळीच वाजवली. 'येतो.' पुढं एक अक्षर नाही!
प्र. म्हणाली, "बाबा, पण मी कोण, कशी, हे त्यांना कळायला नको का?"
"कळून घ्यायचं त्याला दोन शब्दांत कळतं. न घ्यायचं त्याच्या हाती जास्तीचा शब्द गेला की आपला केरबा होतो."
केरबाचं नाव काढल्यावर म्हणाली, बरं, पुढचा प्रश्न विचारा. पटलं असावं.

११ मार्च, गाडीत
लातूरहून एसटीनं नांदेड, तिथून गाडी. धर्माबाद आलं तसा डबा तेलुगू बोलू लागला. समोरच्या बाईनं प्र.ला विचारलं, "कुठं चाललीस गं?"
"हैदराबादला."
"काय काढलं?"
"काम आहे."
बाईनं तोंड फिरवलं. मी मनात म्हटलं, तयार आहे गवाह.

१२ मार्च, हैदराबाद
एका कॉलेजातली खोली. आत दोघं, एक चष्म्याची गोरी बाई अन् एक उंच साहेब. मला बाहेर बाक. उकाड्यानं दारावरचं व्हेंटिलेटर उघडं ठेवलेलं. बाकावर कोण बसतं, मी दाराला लागून उभा. कोर्टाचं इंग्रजी मला चांगलं कळतं.
"कायदाच का शिकायचाय?"
"वकिली करण्यासाठी."
"तुमच्याकडे दुष्काळ आहे म्हणे?"
"आहे."
"त्याबद्दल सांगाल काही?"
"पाणी कमी आहे."
"अर्जात विहिरीचं लिहिलंय तुम्ही. मालकानं विहिरीला कुलूप घातलं तर कायद्यानं काय करावं?"
"ते कोर्ट ठरवेल."
खुर्ची सरकली. साहेबानं वही मिटल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. बाई दोनदा म्हणाली, "आणखी काही सांगायचंय?" प्र. म्हणाली, "नाही."
वीस वर्षांत इतका पक्का साक्षीदार मी तयार केला नव्हता. अन् तो नेमका इथं उभा केला.
बाहेर आली तर हसत होती. "बाबा, एक शब्द जास्तीचा नाही बोलले." मी म्हणालो, शाबास. 

१३ मार्च
परतीची गाडी. धर्माबादला चहा घेतला अन् बोलून टाकलं. पोरी, मी तुला बुडवलं. ती उलटतपासणी नव्हती. त्यांना तुला ऐकायचं होतं, अन् मी तुला गप्प बसायला शिकवलं.
तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "बाबा, मला तिसऱ्या प्रश्नालाच कळलं होतं."
"मग बोलली का न्हाईस?"
"दाराखालून तुमच्या चपला दिसत होत्या."
वर हसली. मला हसावं का काय, कळेना.
मी म्हटलं, प्रतिज्ञापत्र करतो. उमेदवार गप्प बसण्यास उमेदवाराचा बाप सर्वस्वी जबाबदार आहे. ती म्हणाली, "अर्ज नको, विनंती नको. त्या बाईंना मी लिहिते. तेव्हा जे बोलले नाही ते सगळं. तुम्ही टाईप करायचं. एक शब्द गाळायचा नाही."

१८ मार्च
दोन दिवस टाईप चाललंय. ती उभ्यानं सांगते, मी बडवतो. नऊ पानं झाली. माझ्या आयुष्यात नऊ पानांचा अर्ज कुणी वाचलेला मी बघितला नाही.
"हे वाक्य कशाला?"
"बाबा."
टाईप केलं.
केरबाचं बयान अख्खं घातलंय. पहाट, घागर, दिवसा येऊ न देणं. लिहिलंय की कोर्टात ज्याला जास्तीचा शब्द म्हणून हसले, खटला खरा त्याच शब्दात होता. कुलूप विहिरीला दिसतं, माणसाला घातलेलं दिसत नाही.
मला सुचायला पाहिजे होतं हे. वीस वर्षं त्याच टेबलाला बसलोय.
पुढची ओळ माझ्यावर. 'माझे वडील गरीब माणसांना कमी बोलायला शिकवतात, कारण आमच्या माणसांचा प्रत्येक जास्तीचा शब्द आजवर त्यांच्याविरुद्धच वापरला गेला. ते चुकीचं शिकवत नव्हते. खोली वेगळी होती.'
रिबन बदलतो म्हणून उठलो. रिबन परवाच बदललेली.

२१ मार्च
पाकीट हवाई टपालानं गेलं. आधी वकीलसाहेबांना दाखवलं. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "मुनशी, हा कागद कुठलंही कोर्ट पुराव्यात घेणार नाही." मग कार्बन कॉपी स्वतःसाठी ठेवून घेतली. एरवी कोऱ्या पाकिटाचीसुद्धा पावती मागणाऱ्या माणसानं पुराव्यात न चालणारा कागद जवळ ठेवला, म्हणून इथं लिहून ठेवलं.

९ एप्रिल
उत्तर नाही. नळ अकरा दिवस कोरडा. टँकरच्या रांगेत घागरी वाजतात तशा बातम्याही. पिपाशी उभा होतो, मागं दोघी बोलत होत्या. "मुनशीणबाईची पोरगी लंडनला चालली म्हणं. पाण्याचं कोर्ट काढणार हाय."
"मंग येती कशाला माघारी? मडम होऊन बसंन तिथंच."
सरू पुढं होती. मागं न वळता म्हणाली, "मडम झाली तरी घागर माझीच उचलंन. तू पुढं सरक, पाणी सांडून राहिलं."
घरी येऊन मात्र विचारलं, "आवो, खरंच यील ना माघारी?"
मी म्हटलं, आधी जाऊ तर दे.

२२ एप्रिल
आलं! चष्म्याच्या बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिलंय. नऊ पानं दोनदा वाचली म्हणे. जागा एक उरलीय अन् नावं दोन. दोघांशीही पुन्हा बोलणार. प्र.शी फोनवर, २ मे, दुपारी चार. वकीलसाहेबांच्या ऑफिसातला फोन तारेनं कळवला.
प्र.ला म्हटलं, तयारी करू या का? हात जोडले पोरीनं. "बाबा, तुम्ही तेवढी तयारी नका करू."

२ मे
दुपारी तीनपासून ऑफिसात तारीख असल्यासारखी गर्दी. केरबाही आलेला, त्याची तारीख नसताना. वकीलसाहेबांनी पक्षकाराला बाहेर पाठवून प्र.ला स्वतःच्या खुर्चीत बसवलं अन् दार लावून घेतलं. मी दारापासून दहा पावलं लांब, पानटपरीशी. मुद्दाम. चपला दिसायला नकोत.
चार वाजून गेले. साडेचार. पावणेपाचला घंटी.
लाईन खराब. खराब लाईनवर साऱ्या लातूरला एकच उपाय माहीत, ओरडायचं. प्र. ओरडू लागली. इंग्रजी. विहीर, कुलूप, घागर, टँकर, सगळं गल्लीभर. टपरीवाला चुना लावता लावता थांबला. समोरच्या ऑफिसातले टायपिस्ट बाहेर आले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मध्येच थांबे, मग पुन्हा दुप्पट.
केरबानं घाबरून माझा हात धरला. "मुनशीजी, लेक भांडून राहिली का कुणाशी?"
"न्हाई केरबा. बोलून राहिली."
"एवढं?"
"एवढं."
केरबा खूष झाला. आपल्यासारखं कुणीतरी भेटल्यावर माणूस होतो तसा.
दार उघडलं तर घशातून आवाज निघेना तिच्या. पाण्याचा तांब्या दिला. मी विचारलं, काय विचारलं गं बाईंनी?
"बाबा, शेवटी मीच विचारलं. तुमच्याकडे दुष्काळ पडला तर विहीर कुणाची?"
"मग?"
"आधी प्रश्न पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाल्या, ह्याचं उत्तर माझ्याकडं नाही."
"अन् निकाल?"
"कळवतो म्हणाल्या."
'कळवतो' म्हणजे काय, हे मी वीस वर्षं पक्षकारांना सांगत आलोय. आज सांगितलं नाही.

५ मे
पोस्टमन आला, आपलं काही नाही.
उन्हात बाजारात गेलो. सरूनं स्वेटरसाठी लोकर आणायला सांगितलं होतं. दुकानदारानं आधी मला नीट न्याहाळलं. "मुनशीजी, तब्येत बरी हाय ना? मे महिन्यात लोकर?" माळ्यावर चढला, मागच्या थंडीतले लोकरीचे गुंडे काढले, धूळ झटकली. कोणता रंग म्हणाला. निळा घेतला. पुरतील किती, विचारलं. "माणूस केवढं हाय त्यावर." हातानं उंची दाखवली, माझ्या कानापर्यंत.
सरूनं दारातच बसून टाके घातले. घाम पुसते अन् विणते. प्र. म्हणाली, "आई, अजून काहीच ठरलं न्हाई."
"मग मी कुठं बाह्या विणून राहिले? पाठच विणून राहिले."