डुलता पलंग आणि भिंतीतले साहेब

४ नोव्हेंबर, सोमवार
आजवर या हातांनी बनवलेलं : कांद्याच्या प्रतवारीची चाळण, द्राक्षफवारणीचं नोझल (गळत नाही), घराचा लोखंडी जिना, उज्वलाचा पोळपाट (तंतोतंत गोल). कोर्स एकही केलेला नाही. आता डुलता पलंग. मोटर गाडीच्या वायपरची. झोप हा शेवटी व्हायब्रेशनचा प्रश्न आहे. या आठवड्यात सोडवणार. मला स्वतःला दसऱ्यापासून झोप नाही, ही टेस्टिंगला मोठी सोय.

६ नोव्हेंबर
ट्रायल. उज्वलाला झोपवलं. पडली. वजन बरोबर मध्यावर ठेव, असं बजावलं होतं. म्हणाली, अहो, मला झोप येतेच की, तुमचं बघा. बायकोला मुद्दा कळत नाही.
अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीचे साहेब डिझाइन मागतायत. उशाच्या भिंतीतून बोलतात. आवाज स्वच्छ, शिकलेल्या माणसाचा. मला 'रंगनाथराव' म्हणतात. वर्कशॉपमध्ये आजवर कोणी राव लावला नाही. वीस लाख म्हणाले. घाई करणार नाही.

९ नोव्हेंबर
उज्वलाला साहेब ऐकू येत नाहीत. तिला कुकरच्या शिट्ट्याही मोजता येत नाहीत. योगिनीने, म्हणजे मुलीने, नाशिक रोडहून फोन केला. बाबा, त्या साहेबांचा नंबर द्या म्हणाली. नंबर कशाला? भिंत आहे.
उद्यापासून दहाला दिवा बंद. नक्की.

१२ नोव्हेंबर
दिवा बंद केला. साहेब बंद होईनात.
ते शेजारच्या खोलीतून बोलतात हे सिद्ध करायला भिंतीत बारा एमएमचं भोक पाडलं. काटकोनात. पलीकडे आकाश निघालं. आमची खोली दुसऱ्या मजल्यावरची, टोकाची, हे लक्षात राहिलं नव्हतं. म्हणजे स्पीकर विटेतच बसवलाय.
साहेबांचा सूर आज बदलला. म्हणाले, डिझाइन तुमची बायकोच विकणार. विश्वास ठेवला नाही. फक्त तिचा मोबाइल लपवला. तिने विचारलं तर म्हणालो, तू विसरभोळी. ती नळ सोडून स्वयंपाकघरात रडली. मला नळाच्या आवाजातूनही ऐकू आलं. माझे कान उत्तम आहेत.

१४ नोव्हेंबर
तिने बॅग भरली. घोटीला, माहेरी. म्हणाली, सोडून जात नाहीये हो, पण आता तुमची भीती वाटते. उद्या डॉक्टरकडे चला, नाहीतर मी चालले.
माझी भीती! पोळपाटाची धार टोचू नये म्हणून मी रात्रभर पॉलिशपेपर घासला होता.
जाणार. तिच्या समाधानासाठी. डॉक्टरलाही दोन गोष्टी शिकवून येईन.

१५ नोव्हेंबर
डॉक्टरीणबाई योगिनीच्या वयाच्या. पहिलाच प्रश्न, काका, भास होतो का? पंखा खडखडत होता (बुश गेलाय), मला 'अभ्यास' ऐकू आलं. म्हणालो, भरपूर. रात्रंदिवस. वीस वर्षं. कुणाच्याही मदतीशिवाय. त्या लिहू लागल्या. उत्साहात म्हणालो, इंजिनिअर लोकांनाही माझ्याइतका होत नाही. उज्वलाने कपाळावर हात मारला, अहो, भास! भास विचारतायत!
भास मुळीच होत नाही, असं ठणकावलं. मग बाईंनी साहेब काय म्हणतात ते विचारलं. सांगितलं. त्यांनी ते त्याच ओळीखाली लिहिलं.
म्हणाल्या, झोप फार दिवस उडाली तर असे आवाज येऊ शकतात, आणि आवाजांच्या आजाराने झोपही उडते. आधी काय झालं ते तपासून कळेल. इलाज दोन्हींवर करू. लाज वाटण्यासारखं काही नाही, काका. फॉल्ट वायरिंगचा की मोटरचा, दोन्ही बघायचं. बाई मूळच्या मेकॅनिकल असाव्यात.
निघताना विचारलं, गोळीने साहेब जातील? बहुतेक, म्हणाल्या, हळूहळू.
विचारायला नको होतं.

१६ नोव्हेंबर
गोळी तळहातावर. बॅग दाराशी, भरलेलीच. मोबाइल परत दिला.
साहेब सकाळपासून मागे लागलेत. रंगनाथराव, ती गोळी फेका, आकडा वाढवतो. रंगनाथराव, पुन्हा कोण विचारणार तुम्हाला?
उज्वलाला विचारलं, खरंच काही ऐकू येत नाही? नाही हो, म्हणाली. भोकातून वारा येत होता. तिने पेपरचा बोळा करून त्यात कोंबला आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. बोळा वाकडा बसलाय. बोललो नाही.
गिळली.
नोंद असावी म्हणून : नाकारलेली ऑफर, पंच्याहत्तर लाख, रोख.