यांचा खाकी शर्ट

ती. आईस,
शेळ्या बांधल्या, हातपाय धुतले आणि तुला पत्र लिहायला बसले. नमस्कार.

यांची तब्येत आता छान आहे. डॉक्टरांनी उन्हात फिरू नका म्हटलंय तेवढंच. म्हणून करवंदीच्या जाळीपलीकडच्या आपल्या कुरणात शेळ्या घेऊन सध्या मीच जाते. कोंबड्या दाणे दिसले की धावत येतात. शेळ्या मात्र पहिल्या दिवशी माझ्या हाकेला जागच्या हलल्या नाहीत, मेल्या! दुसऱ्या दिवशी हे शेळ्या चारताना घालायचे तो कारखान्यातला जुना खाकी शर्ट चढवून गेले, तर सगळ्या निमूट मागे आल्या.

तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस ना?

काल हे म्हणाले, "बरा झालोय मी, शर्ट दे माझा." नाही दिला. शेळ्यांचं काय घेऊन बसलीस आई, तो अंगात असला की मलाही धीर येतो.

तुझी,
विनी