मोगरा-५२

आई, मध्यंतरी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला सांगितलं की तू गरोदर आहेस. हसू नकोस. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली की माझ्या मुलीला तू फक्त फोटोतली आजी आहेस. आणि समोर एक शहाणासुरता माणूस स्क्रीनवर बोट ठेवून म्हणतोय, "हे बघा, गेल्याच महिन्यात सोनोग्राफी झालीय यांची. ह्याच तुमच्या मावशी ना?" आत मावशी नाकाला ऑक्सिजन लावून पडलेली, चेहरा इतका सुजलेला की डोळे शोधावे लागत होते. आणि मी दारात उभी, हातात हेल्मेट तसंच.

तुला पहिल्यापासून सांगायला हवं, नाहीतर तू म्हणशील, ही पोरगी नेहमीसारखी मधूनच सुरू झाली. आपल्या सांडोरच्या वाटेवरचा तो ट्रस्टचा दवाखाना आठवतो ना, जिथे तू मला गोवर झाला तेव्हा कडेवर घेऊन गेली होतीस? तो आता मोठा झालाय, सगळं कॉम्प्युटरवर आहे. पण पेशंटला दिलेला नंबर होता बारा आकडी. वाडीत भाजी खुडणाऱ्या बाईने बारा आकडे कसे लक्षात ठेवायचे गं? कार्ड कुणाचं हरवलं, कुणाचं पाण्यात भिजलं. मग नवीन नंबर, नवीन फाईल, जुने रिपोर्ट गेले बोंबलत. मी बोळिंजला घरी बसून कंपन्यांसाठी हेच काम करते, माहितीच्या नोंदी नीट रचायचं. ट्रस्टचे लोक म्हणाले, जरा बघा ना काही जमतंय का. मी म्हटलं, जमतंय म्हणजे काय, माझ्याच गावचा दवाखाना आहे.

मग मी असा नंबर बनवला की एकदा ऐकला की विसरणार नाही. एक ओळखीचा शब्द आणि पुढे दोन आकडे, बस. अबोली-२४. नारळ-७१. शेवंती-३६. सगळी आपल्याकडची फुलं, फळं, भाज्या. काय मजा आली म्हणून सांगू! पहिल्याच आठवड्यात एक आजोबा काउंटरवर तावातावाने भांडायला उभे, "माझ्या बायकोला चाफा आणि मला वांगं? काय समजता काय?" कारलं तर कुणी घेईचना. एका सासूबाईंनी सुनेचं पडवळ बदलून मागितलं, म्हणे घरात सगळे हसतात. मी वांगं, कारलं, पडवळ, भोपळा सगळं काढून टाकलं. पण आई, लोकांना नंबर पाठ झाले. बाजारात बायका एकमेकींना त्या नंबराने चिडवायला लागल्या. काउंटरवरची मुलगी नालासोपाऱ्याहून येते, नवी आहे, गावात कुणाला ओळखत नाही, पण तीसुद्धा म्हणाली, "मॅडम, आता कोणी कार्डच नाय आणत, डायरेक्ट बोलतात." मी इतकी फुगले होते की विचारू नकोस.

आणि पहिली नोंद तुझी होती. सॉफ्टवेअर चालतंय का बघायला कुणाचं तरी नाव घालावं लागतं. मी तेव्हा जुन्या घरीच आले होते, ओटीवर लॅपटॉप घेऊन बसले होते, मावशी शेजारी वाल सोलत होती. घरात काही नवं आलं की तू पहिल्यांदा देवापुढे ठेवायचीस. माझ्याकडे देवाचा आधार नंबर नव्हता, म्हणून मी तुझं नाव घातलं. कॉम्प्युटर स्वतःच शब्द निवडतो. पहिल्यांदा आलं काकडी. मावशी म्हणाली, "शी! ताईला काकडी?" मी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, आणि मग आलं मोगरा-५२. मावशीने वालाचे हात पदराला पुसले आणि स्क्रीनवरच्या तुझ्या नावावरून बोट फिरवलं. दवाखाना सुरू करताना अशा चाचणीच्या नोंदी पुसायच्या असतात. बाकीच्या मी पुसल्या.

मावशीचं पेनिसिलिन तुला सांगायला नको. तुम्ही दोघी बहिणी एकाच घरात दोन भावांना दिलेल्या, ती माझी नात्याने काकी, पण हाक मावशीच. लहानपणी तिला त्या इंजेक्शनने जीव जायची वेळ आली होती, आणि तेव्हापासून तू जिथे जाशील तिथे सांगत सुटायचीस. ती ताप घेऊन गेली तरी, दाताला गेली तरी, अगं, तिच्या डोळ्यांच्या चष्म्याला गेलीस तरी! "डॉक्टर, हिला पेनिसिलिन चालत नाही हं." मावशी लाजेने मान खाली घालायची. "ताई, पुरे गं, ऐकलं त्यांनी." तू गेल्यावर हे कोण सांगणार, याची मला धास्ती होती. म्हणून तिची नोंद केली, पेरू-३८, तेव्हा तिथे लाल अक्षरांत तेच लिहिलं. वाटलं, आता आईचं काम मशीन करेल. आपण निवांत.

त्या दिवशी मावशीच्या पायाला वाडीत खिळा लागून पू झाला होता. डॉक्टरांनी विचारलं, "कुठल्या औषधाची अॅलर्जी आहे का?" नेहमी विचारतात, चांगला माणूस आहे. आणि मावशी काय म्हणाली असेल? "सगळं त्या कॉम्प्युटरमध्ये आहे डॉक्टर. माझ्या भाचीनेच बनवलंय ते." अभिमानाने म्हणाली गं! त्यांनी स्क्रीनवर बघितलं. अॅलर्जी, काही नाही. इंजेक्शन दिलं. कपडे सावरत ती बाकावर येऊन बसली, आणि श्वास अडकला. दवाखान्यातच होती म्हणून वाचली, घरी पोहोचली असती तर आज मी हे काही लिहीत नसते.

मी डॉक्टरांना म्हटलं, "मावशी पेरू-३८ आहे. मोगरा माझी आई. ती वारलीय." मग त्यांनी नोंद खाली सरकवली आणि आम्ही दोघं वाचायला लागलो. आई, तुझं ब्लडप्रेशर वाढलंय. तुला सातवा महिना आहे. तुला दमा आहे, गुडघे दुखतात, दिवाळीनंतर तुझा हात प्लास्टरमध्ये होता आणि तुझ्या दुधाच्या दाताजवळ कीड लागलीय. डॉक्टर हळूच म्हणाले, "बाई, हा माणूस नाही. ही तर अख्खी आळी आहे." नंबर विसरला जाईल, चुकीचा ऐकला जाईल, शून्याला ओ समजतील, या सगळ्याचा मी बंदोबस्त केला होता. तो लोकांना इतका आवडेल की ते एकमेकांना वापरायला देतील, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मावशी बोलायला लागल्यावर मी तिच्यावर ओरडले. आजारी माणसावर ओरडले, काय करू, जीव गोळा झाला होता. "तुझा नंबर असताना आईचा का दिलास?" ती गोंधळून बघते माझ्याकडे. तिला कळतच नाही तिचं काय चुकलं. "अगं, एकदा माझा आठवेना, तर ताईचा सांगितला. तिथल्या पोरीने आडनाव बघितलं, बोलली बसा मावशी. मग शेजारच्या नव्या सुनेचं आधार अजून माहेरच्या नावावर, तिला नंबर मिळेना, म्हणून तिला सांगितला. वाडीतल्या कामवालीच्या पोराला सांगितला. ताईचंच तर आहे ना? ताईने कधी कुणाला नाही म्हटलंय?"

मला आपल्या घरातलं ते मोठं पातेलं आठवलं, तुझं नाव कोरलेलं. लग्नसराईत ते कधी घरात नसायचंच. एकदा कुणाच्या तरी हळदीला मी सगळ्यांसमोर ओरडले, "हे आमचं आहे, ह्याच्यावर आईचं नाव आहे!" तू मला चुलीमागे ओढून नेलंस, कान धरलास. "नाव माझं आहे म्हणून भूक पण माझीच का गं?" अशाच रीतीने तू मला वाढवलंस, मावशीला सांभाळलंस, अख्ख्या आळीला सवय लावलीस. आणि मी नोंदी रचणारी, मला वाटलं नाव म्हणजे एक माणूस. आई, मी तुझ्यावरही चिडले होते त्या दिवशी दवाखान्यात, उगाच लपवत नाही.

आता काउंटरवर फोटो दिसतो, नाव आणि वय विचारतात. लोक कुरकुरतात, कुरकुरू देत. प्रत्येकाच्या तपासण्या तुझ्या नोंदीतून वेगळ्या काढायला डॉक्टर आणि मी घरोघर फिरलो. शेजारच्या त्या गरोदर सुनेचा रक्तगट तर तुझ्या नोंदीतलाच धरून चालले होते, आणि तिचा वेगळा निघाला. बाळंतपणाच्या आत कळलं. हे ऐकून मी तिच्याच अंगणात मटकन खाली बसले, तीच बिचारी मला पाणी आणायला धावली.

मग तुझी नोंद बंद करायची राहिली. बंद करताना कारण निवडावं लागतं, ती सोय मीच ठेवलेली. गाव सोडलं. दुसऱ्यांदा नोंद झाली. मृत. तू गेलीस तेव्हा सगळी कागदपत्रं बाबांनी केली होती. तोपर्यंत मी कुठेच हा शब्द तुझ्यापुढे लिहिला नव्हता आई, कधीच नाही. संध्याकाळी मावशीने विचारलं, "ताईचं काय केलंस?" मी म्हटलं, बंद केलं. "काय लिहिलंस?" मी सांगितलं, तोच शब्द. ती पायाची पट्टी चाचपत म्हणाली, "मग आता तिला कुणी बोलावणार नाही तिथे." काउंटरवर नाव पुकारतात ना, मावशी तुझं नाव ऐकायला तिकडे लवकर जाऊन बसायची, हे मला तेव्हा कळलं.

हे कागद मी कुठे पाठवणार? माझ्याच कपाटात राहतील. पण एक तुला सांगून ठेवते. शब्द थोडे आहेत, म्हणून बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्याला द्यायचा, अशी मी रचना केली होती. आता तो कुणालाच द्यायचा नाही, आणि हा नियम सगळीकडे पहिल्यापासून असतोच, असं मी ट्रस्टच्या लोकांना ठासून सांगितलंय. आमच्याकडे नव्हता. तुझी नोंद बंद केली, त्याच दुपारी मी तो घातला.