चेतनाची तयारी

१४ नोव्हेंबर

बाळाचे गुर्दे – किडनी – बनलेच नाहीत. दोन्ही. डॉक्टरीणबाईंनी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं – इथं असायला पाहिजे होते. मला काय दिसणार! काळं-पांढरं. पण त्यांचा आवाज ऐकला आणि समजलो. गिऱ्हाइकाला "ही पंपाची मोटार भंगारात द्या" सांगताना मीही असाच आवाज काढतो. हळू, आणि नजर दुसरीकडे.

पोटात पाणी नाही, म्हणून बाळाची फुफ्फुसं तयार होणार नाहीत. जन्मलं तरी थोडाच वेळ. "रोने लायक हवा ही नहीं होगी," म्हणाल्या.

माझी लेक चेतना टेबलावर तशीच पडून. पोटावरचा चिकट जेल पुसायचंही कोणाला सुचलं नाही. मी रुमाल दिला. बापाने एवढंच केलं आज.

१५ नोव्हेंबर

पाचवा महिना सरत आला आहे. दोन डॉक्टरांच्या सहीने मोकळं होता येतं म्हणे. सुशील हो म्हणाला – जावई माणूस, भिलाईहून रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल. मीही हो म्हणालो. चेतना म्हणाली, नाही.

"काहून गं?"

"हालून राहिलं ते, बाबा. आत्ता तुमी बोलले ना, तेव्हा हाललं."



२० नोव्हेंबर

नागपूरला फोन. हैदराबादला रिपोर्ट पाठवले – एका पंपवाल्या शेठचा मेहुणा तिथं मोठा डॉक्टर आहे. आयुष्यभर हेच केलं. कोणीतरी ओळखीचं काढायचं, चहा पाजायचा, काम होतं.

माझा बाप लहानू रेल्वेत खलासी. मी गुढ़ियारी मोहल्ल्यात पोत्यावर बसून मोटार वाइंडिंग शिकलो. जळालेली तार काढायची, नवी भरायची, वार्निश मारायचं, मोटार पुन्हा फिरते. अजून एकही मोटार अशी आली नाही की मी म्हणालो, होत नाही. भंगारात द्या म्हणतो ते फक्त आळसाने.

इथं तार भरायला जागाच नाही.

२४ नोव्हेंबर

चेतना आजपासून वरच्या हॉलमध्ये जाऊ लागली.

समता कॉलोनीत दुकान खाली, त्याच्या वर हॉल. तिथं सोनिया दीदी पोटुशा बायकांना योग शिकवते – श्वास, कंबर, बाळंतपणाची तयारी. मी हॉल दिला तेव्हा लोक हसले होते, मोटारींच्या खडखडाटावर योग! पण सोनिया दीदी कोणालाच नाही म्हणत नाही. पद्मिनीचा एक पाय पोलिओचा, ती सगळं खुर्चीत बसून करते. एक चांगली भरल्या अंगाची बाई, ती भिंतीला टेकून. "जितना हो उतना. पेट से झगड़ा नहीं," एवढंच दीदी म्हणत राहते.

मी चेतनाला विचारलं, आता कशाला गं जायचं तिथं?

"जन्म तर द्यायचाच आहे ना, बाबा. गुंगीचं इंजेक्शन नको मले. जागं राहायचं आहे. एकदा रडलं तर ऐकायचं आहे."

"डॉक्टर म्हणे, नाही रडणार."

"म्हणे ना. अन् रडलं तर?"

सोनिया दीदीला बाजूला घेऊन सांगितलं – बाकीच्या बायकांना यातलं काही कळू देऊ नका, घाबरतील. ती जमिनीकडे बघत "जी भैया" म्हणाली.

४ डिसेंबर

खाली बसून सगळं ऐकू येतं. कोण आली ते पायऱ्यांवरच्या चपलेवरून सांगतो. क्लासच्या शेवटी बायका ओठ मिटून भुंग्यासारखा आवाज काढतात. स्लॅबमधून खाली झिरपतो तो. कारागीर हातातला पाना ठेवून देतात. त्यात चेतनाचा आवाज मला वेगळा काढता येतो. सगळ्यांत खालचा. सगळ्यांत शेवटी थांबतो.

जिन्यात बायका भेटल्या की मी जोक मारतो. "पोट्टे बाहेर आले की सगळ्यांची माझ्या दुकानात भरती करून टाका! आत्तापासून मोटारींचा आवाज ऐकून राहिले, शिकवायची गरजच नाही." हसतात बिचाऱ्या. हसवलं की कोणी काही विचारत नाही. धंद्यातली जुनी युक्ती.

९ डिसेंबर

हैदराबादचं उत्तर आलं. तेच.

१६ डिसेंबर

अंजनाबाई आल्या होत्या, सुशीलची आई. पाणी घ्यायच्या आधीच सुरू –

"इंद्रजीतभाऊ, असलं पोट घेऊन पोरीले चांगल्या पोटांत बसवता! उद्या त्यायच्यातल्या कोणाले काही झालं, तर नाव कोणाचं?"

"विहीणबाई, तुम्ही विहारात जाता, अन् हे बोलता?"

"मी नाही बोलत. पारा बोलते."

पारा म्हणजे मोहल्ला. मोहल्ल्याला तोंड असतं, नाव नसतं.

जाताना म्हणाल्या, सातव्याची सधौरी-बिधौरी काही करू नका, शोभत नाही. इथल्या छत्तीसगढी बायकांची ती रीत. माहेरून सात पदार्थ येतात, पोटुशीला पोटभर खाऊ घालतात. आता आपल्या घरांतही शिरली आहे. मी म्हटलं, नाही करत.

या पानाशी खोटं बोलायचं नाही, त्यासाठी दिवसभर दुकान आहे. म्हणून लिहितो – त्या "करू नका" म्हणाल्या, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

२२ डिसेंबर

पद्मिनीने जिन्यात अडवलं. कुबडी आडवी धरून! "काकाजी, चेतनाला सातवा लागला. सधौरी कब? काकी नाहीत, तर माहेर म्हणजे तुम्हीच."

मी म्हटलं, तिला गोड मना आहे. शुगर निघाली.

मागून चेतना उतरत होती. घरी आलो. मग ताट वाढताना –

"माझी सधौरी तुमी खाल्ली, बाबा."

२९ डिसेंबर

केली.

पुरानी बस्तीतल्या एका मावशीकडून पपची, खुरमी, कुसली, अनरसे, करी लाडू, कडक ठेठरी. सातवी पुरणपोळी, चेतनाच्या आईची आठवण म्हणून. डबे घेऊन वर गेलो. हॉल माझा, पण क्लास चालू असताना पहिल्यांदाच आत पाय ठेवला. चटया गोल मांडलेल्या. मधे चेतना, हिरवं लुगडं नेसून. लुगडं अंजनाबाईंनी सुशीलच्या हाती पाठवलेलं. स्वतः आल्या नाहीत.

मी आपला नेहमीसारखा सुरू झालो – खा गं पोट्ट्यांनो, आतल्यांनाही ठेठरी पोचू द्या, दात नसले तरी! कोणी हसलं नाही. पहिल्यांदाच.

पद्मिनी म्हणाली, "काकाजी, बस करा. आम्हाला माहीत आहे. चेतनाने पहिल्याच दिवशी सांगितलं."

"मग इतके दिवस हसत कशाला होत्या?"

"तुमच्यासाठी! तिनंच सांगितलं, बाबाले बोलू देजा, बोलले नाही तर ते पडतील."

माझे कान म्हणे तेज! बेअरिंगमधला एक खडा ऐकू येतो मला. डोक्यावर एवढ्या बायका माझ्यासाठी खोटं हसत होत्या, ते नाही ऐकलं.

मी विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटत? हिच्या शेजारी बसायची? पद्मिनीच म्हणाली –

"लगता है ना, काकाजी. रोज लगता है. म्हणून तर येतो."

चेतनाने सातही पदार्थ खाल्ले. पुरणपोळी दोनदा.

१३ जानेवारी

तपासणी. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र लावलं, बाळाच्या काळजाचा आवाज आला. अरे, काय आवाज! भरधाव, एकसारखा, कुठं अडखळ नाही. मी डोळे मिटून शोधत होतो. कुठंतरी बिघाड लागेल, मग विश्वास तरी बसेल. नाही सापडला.

दुकानात हा आवाज आला असता तर म्हटलं असतं, घेऊन जा, वर्षानुवर्षं चालेल.

१४ जानेवारी

दिवसभर एकाच मोटारीत तार भरत बसलो.

१ फेब्रुवारी

क्लासमध्ये आज नवऱ्यांना बोलावलं होतं. कळ आली की बायकोची कंबर कशी दाबायची ते शिकवायला. सुशील सुट्टी टाकून आला. खाली मला दीदीचा आवाज येत होता – "थोड़ा नीचे, सुशील भैया. हाँ. हाथ मत हटाना." मग पुरुषाचं नाक ओढणं. एकाचं नव्हतं ते, दोघा-तिघांचं होतं.

सुशील खाली येऊन म्हणाला, "पापाजी, वो सीख गई है. मैं नहीं सीखा."

मी चहा मागवला. दुसरं काय मागवणार!

तिची खरंच तयारी झाली आहे. चालता चालता कंबर धरते, श्वास सोडते, पुढे जाते. कशासाठी, हे विचारायची माझी हिंमत नाही. बाकीच्या बायका झबली-टोपडी आणत नाहीत आधी, अपशकुन म्हणून. हिने आणली नाहीत ते वेगळ्या कारणाने. आमच्या घरात कोणी उद्याचं बोलतच नाही. दुधाचं सांगायचं असलं तरी "सकाळी" म्हणतो.

११ फेब्रुवारी

पहाटेपासून कळा. दवाखान्यात आहे. सुशील आत, कंबर धरून. सोनिया दीदी पण आली. चेतना हातपाय झाडत नाही, ओरडत नाही. दारातून तोच भुंग्याचा आवाज येऊन राहिला, सगळ्यांत खालचा. नर्स म्हणाली, ऐसी पेशंट नहीं देखी.

१२ फेब्रुवारी

मुलगी. काल दुपारी. पायांकडून आली. शेवटी रक्त फार जायला लागलं, सुशीलला आणि दीदीला बाहेर काढलं, चेतनाला सुई देऊन झोपवलं. ती नको नको म्हणत होती. शब्द अर्धाच राहिला.

मी दाराला कान लावून उभा. ट्रे ठेवल्याचा आवाज आला. पाण्याचा नळ. आतल्या पंख्याचं बेअरिंग गेलंय, तेही ऐकू आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आ गई. मग मी श्वास धरून ठेवला.

रडण्याचा आवाज आला नाही.

काही वेळ जिवंत होती. बाहेर आणून दिली, सुशीलच्या हातातच गेली. चेतना तेव्हा झोपेतच होती.

१३ फेब्रुवारी

माती दिली. हिरव्या लुगड्याचा तुकडा गुंडाळला होता. अंजनाबाईंनी स्वतःच्या हाताने फाडून दिला.

१६ फेब्रुवारी

चेतना घरी आली. सुशील औषधं आणायला गेला तशी तिने मला जवळ बोलावलं. नर्सला विचारलं होतं तिने. नर्स म्हणाली, दीदी, भागदौड़ थी, ध्यान नहीं.

"बाबा, तुमी दाराशीच होते ना? तुमचे कान तेज. रडली का ती?"

"हव," म्हटलं. "एकदा. बारीक."

तिने डोळे मिटले. मग झोपली, त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

बारा तारखेला चुकीचं लिहिलं गेलं आहे. रडली होती.